कापडाचं वजन बघून कापड निवडता येतं का?

निळी_सुई

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं माझे कपडे मीच शिवते आहे. आतापर्यंत दुकानात जायचं, कापड बोटांत चुरायचं, उजेडाकडे धरायचं आणि घ्यायचं असं चाललं होतं. हल्ली बरंचसं कापड फोटो बघून मागवावं लागतं, आणि फोटोखाली एकच आकडा ठळक असतो: जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम भरतं तो आकडा, इतपत मला कळतं. त्यापुढे घोडं अडतं.

मागच्या महिन्यात दोन कापडं मागवली, दोन्हींवर १८० जीएसएम लिहिलेलं. एक सुती ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचं, आणि दुसरं व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या तंतूचं. ट्विल टेबलाच्या कडेवरून बाहेर सरकवलं तर वीतभर तसंच आडवं राहिलं आणि मग वाकलं. व्हिस्कोस कडेवर आलं की पाण्यासारखं सरळ खाली उतरलं. वजन तेच, मग वागणं इतकं वेगळं कसं? व्हिस्कोसची पँट शिवली. आठ दिवसांत गुडघ्यांवर फुगली, आता उठून उभी राहिले की दोन्ही पायांवर उपड्या वाट्या ठेवल्यासारख्या दिसतात. मन लावून शिवलेली पँट होती, फार वाईट वाटलं.

तर, या आकड्यावरून नेमकं काय समजायचं? कोणत्या कपड्याला साधारण किती वजन घ्यायचं? आणि लिहिलेला आकडा खरा आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं का? सध्या मला दोन गोष्टी शिवायच्या आहेत: गरमीत घालायला सैलसा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि चुण्या नीट राहतील अशी पँट.

---

वळचण

मलाही हाच प्रश्न पडतो. पहिला नंबर लावून बसतो.

---

उभाआडवा

सूत आणि माग यांच्यातच नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती माल आहे, एवढंच. तो माल कसला आहे आणि कसा मांडलाय, हे त्यात येत नाही. एक उदाहरण घ्या. सुताला नंबर असतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो नंबर; म्हणून नंबर मोठा तितकं सूत बारीक. आता ४० नंबरचं सूत घेऊन इंचाला १३० धागे उभे आणि ७० आडवे विणले. दोन्ही मिळून २००, भागिले ४०, आले ५. मीटर-ग्रॅमात आणायला साधारण २३ ने गुणायचं, आणि धागा वरखाली जाताना वळतो त्याचे थोडे जास्त धरायचे. म्हणजे ११६ ते १२५ जीएसएम. हे शर्टाचं चांगलं पॉपलिन झालं.

आता २० नंबरचं जाडं सूत घ्या, इंचाला ५० उभे, ५० आडवे. शंभर भागिले २०, पुन्हा ५. वजन तेवढंच! पण सुताची जाडी धरून हिशेब केला तर पहिल्या कापडात धाग्यांमधल्या फटी साधारण सहाव्या हिश्श्याइतक्या, दुसऱ्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पहिलं घट्ट, गुळगुळीत, सळसळणारं. दुसरं भरड, विरळ, हवा खेळवणारं. आकडा एकच आणि कापडं दोन टोकांची.

निळी_सुई, तुमच्या ट्विल आणि व्हिस्कोसची गोष्ट याच घरातली, फक्त तिथे तंतूही वेगळा. व्हिस्कोस लवचिक पडतं, पण ताणलं की पुरतं मागे येत नाही. सतत ताण पडतो ती जागा म्हणजे गुडघा. त्यात वजनाचा दोष कमी, तंतूचा जास्त.

---

निळी_सुई

उभाआडवा, हे असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा वाचलं. म्हणजे वजनाच्या शेजारी तंतू आणि वीणही बघायला हवी.

---

झबलं

अगं, तू विचारलंस म्हणून माझ्या वहीतले आकडे देते. पंचवीस वर्षं शिवतेय, पण कापड तोलायला लागून सातआठच झाली.

मलमल, वायल ५० ते ८०. लॉन ७० ते १००. पॉपलिन, केंब्रिक १०० ते १३०. ऑक्सफर्ड शर्टिंग १४० ते १७०. लिननचा शर्ट १२० ते १६०, जाड लिनन १८० च्या पुढे, त्याची पँट छान होते. चिनोसारखी पँट २०० ते २८०. कॅनव्हास ३०० च्या वर, आणि डेनिम त्याच्याही पुढे. टी-शर्टची जर्सी हलकी १४० ते १६०, मध्यम १८० ते २००, भरदार २२० च्या वर. स्वेटशर्ट २८० पासून.

हे दगडावर कोरलेलं समजू नकोस, माझ्या हातून गेलेल्या कापडांवरून लिहिलंय. पँटला मी २२० च्या खाली सहसा जात नाही. खिशातली किल्ली बाहेरून दिसते, आणि मागच्या शिवणीवर ताण आला की टाक्याची भोकं मोठी होतात. शर्टाला १५० च्या वर गेलं की कॉलर उलटवताना टोक नीट निघत नाही, आत दोन पदर आणि बकरम असं सगळं दाटतं.

---

पाऊलवाट

झबलं, वहीचं पान सोन्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

---

चुणीदार

थोडा वेगळा सूर लावतो. मला वाटतं आकड्याच्या नादी लागूच नये. कापड मुठीत घट्ट धरा, दहा आकडे मोजा, सोडा. चुरगळ किती राहिली, परत किती उघडलं, हाताला कोरडं लागलं की ओलसर, सगळं कळतं. मग दोन बोटांत कोपरा धरून लोंबू द्या. घडी टोकदार पडली की गोल, ते बघा. शिवणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी असंच कापड पारखलं, चौरस मीटर कुणी मोजला होता?

---

उभाआडवा

चुणीदार, मुठीची परीक्षा मीही करतो आणि करतच राहीन. पण पिढ्यांनी मोजलं नव्हतं हे पटत नाही. कापडाचा व्यवहार वजनावर फार जुना आहे, प्रत्येकानं आपापलं माप धरलं एवढंच. रेशमाला मोमे, डेनिमला औंस, लोकरीच्या सुटिंगला धावत्या मीटरचे ग्रॅम. ही सगळी हातानं पारखणाऱ्यांनीच रूढ केलेली मापं आहेत.

---

निळी_सुई

चुणीदार, मूठ मलाही आवडते, पण फोटोला मूठ कशी लावू? म्हणून तर हा धागा काढला.

---

चुणीदार

हे मान्य. मग निदान नमुन्याचा तुकडा आधी मागवावा, तळहाताएवढा असला तरी पुरे. आणि जो तुकडा देत नाही त्याचं कापड महत्त्वाच्या कपड्याला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

---

कोरा_कागद

मी कापडातला नाही, छपाईतला. पण जीएसएम हा आमचाही रोजचा शब्द आहे, म्हणून घरी मोजण्याची एक युक्ती सांगतो.

ए-० आकाराचा कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. त्याच्या सोळा समान भागांतला एक भाग म्हणजे ए-४. म्हणून ८० जीएसएमचं साधं ए-४ पान बरोबर ५ ग्रॅम भरतं. कापडाचा ए-४ एवढा तुकडा कापा, वजन करा, १६ ने गुणा. झालं जीएसएम.

इतका बारीक काटा नसेल तरी अडत नाही. कपडे टांगायचा हलका हँगर दोऱ्याच्या फासात मधोमध लटकवा. दोन टोकांना सारखे चिमटे लावा आणि रिकामा असताना तो सरळ राहतो ना ते बघा. एका बाजूला कापडाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला ८० जीएसएमची कोरी पानं. दोन पानांत तोल साधला तर कापड १६० चं. आणखी एका पानाचे चार सारखे भाग करून ठेवा, एकेक भाग म्हणजे २० जीएसएम. फक्त कागदाच्या गठ्ठ्यावर ८०च लिहिलंय ना, ते बघून घ्या. ७० आणि ७५ ची पानंही असतात.

---

वळचण

वा! तोलायला वजनं नाहीत म्हणून कागदं. हे आज रात्रीच करणार, घरातली सगळी कापडं रांगेत उभी केली आहेत!

---

पाऊलवाट

कोरा_कागद, म्हणजे ८० ची मलमल आणि ८० चा कागद वजनाला सारखेच! एक फुंकर मारली तर तरंगतं, दुसऱ्याचं विमान होतं. वजन म्हणजे जाडी नव्हे आणि ताठपणाही नव्हे, हे यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नसतं.

---

निळी_सुई

करून बघितलं!

आधी स्वयंपाकघरातला काटा काढला. ट्विलचा १० बाय १० सेंमीचा तुकडा ठेवला, काटा म्हणाला २ ग्रॅम. शंभरने गुणलं, २०० आले. मग लक्षात आलं की हा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, म्हणजे दीड ते अडीच ग्रॅममध्ये काहीही असू शकतं. १५० की २५०, सांगणार कसं?

मग हँगर. ए-४ चा ट्विल एका बाजूला. दोन पानं लावली, कापडाची बाजू खालीच. चतकोर लावला, तरी खाली. दुसरा चतकोर लावल्यावर हँगर एकदा इकडे, एकदा तिकडे असा हलत हलत सरळ थांबला. अडीच पानं, म्हणजे २०० जीएसएम. दुकानदारानं तर १८० लिहिले होते. मला जास्त कापड मिळालं म्हणायचं, की मोजताना काही चुकलं?

---

उभाआडवा

एक सांगा, तुकडा कोऱ्या कापडातून कापला की धुतलेल्या?

---

निळी_सुई

धुतलेल्या. मी कापड आणलं की आधी धुऊनच ठेवते.

---

उभाआडवा

आणि आटलं किती? आठवतंय का?

---

निळी_सुई

वहीत आहे. मीटरचे ९५ सेंमी झाले. पन्हा १५० चा १४३ झाला.

---

उभाआडवा

मग तुमचं बरोबर आणि लिहिलेलंही बरोबर. लांबीत ५ टक्के, रुंदीत जवळपास तेवढंच. तोच माल कमी जागेत आला. १८० ला ०.९५ ने भागा, मग ०.९५३ ने भागा, १९९ येतात. तुमच्या हँगरनं २०० सांगितले. प्रयोगशाळेतही यापेक्षा फार वेगळं निघालं नसतं.

प्रयोगशाळेत १०० चौरस सेंमीचा गोल तुकडा कापायचं एक यंत्र असतं. तुकडा तोलून शंभरने गुणतात. पण त्याआधी कापड २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मोकळं ठेवतात, कारण कापड हवेतलं पाणी पितं. कोरड्या सुताच्या वजनावर साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी सुतात मुरतं, लोकरीत तर १६ टक्क्यांच्या पुढे. पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. दमट दिवशी तोललेली लोकर आणि कोरड्या दिवशी तोललेली लोकर यांचे आकडे जुळत नाहीत, त्यात कुणाची लबाडी नसते.

---

कोरा_कागद

कागदही पाणी पितो बरं का. हँगरच्या दोन्ही बाजू एकाच खोलीत काही तास राहू द्या, मग तोला.

---

रंगीत_रीळ

आटण्याची बाजू झाली, आता उलट बाजूही ऐका. मी एकदा १४० चं म्हणून सुती कापड घेतलं. हाताला इतकं भरदार की खूश झाले. पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी दुधासारखं झालं, आणि वाळवल्यावर जे हातात आलं ते विरळ, लुळं, उन्हाकडे धरलं तर पलीकडची खिडकी दिसेल असं. सगळा भरदारपणा खळीचा होता. मी न धुता बेतलं होतं, कॉलरसकट सगळा शर्ट मऊ पडला. विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून कापडाचा कोपरा दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून जोरात चोळते. पांढरी भुकटी बोटांवर आली की समजायचं.

---

झबलं

रंगीत_रीळ, अगदी खरं. धुतल्यावरचं वजन तेच कापडाचं वजन. कोरं वजन हे फक्त खरेदीपुरतं.

---

तिरपा_कट

खळीवरून रेशीम आठवलं, म्हणून थोडं अवांतर.

कच्च्या रेशमावर एक नैसर्गिक डिंक असतो, सेरिसिन. तो उकळून काढला की वजन २० ते २५ टक्के कमी होतं. रेशीम तर वजनावर विकायचं! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तोटा भरून काढायला रेशमाला कथलाचे क्षार पाजायची पद्धत फोफावली. नुसता तोटाच भरून निघाला असं नाही, मूळ वजनाच्याही वर जाता यायचं. कापड जड पडायचं, छान सळसळायचं. पण तंतू आतून खचत जायचा. त्या काळचे रेशमी पोशाख जपून ठेवलेले असले तरी चुण्यांच्या रेषेत आपोआप उभे चिरतात, आणि जतन करणाऱ्यांना ते सांधता सांधता नाकी नऊ येतात. जड कापड म्हणजे चांगलं कापड या समजुतीचा हा पुरावाच आहे.

आणि मोमेचं सांगायचं तर एक मोमे म्हणजे ४.३४ जीएसएम. १९ मोमेचं रेशीम ८२ च्या आसपास, २२ चं ९५ च्या. आकडे लहान दिसतात, पण शर्टाला १९ उत्तम.

---

वळचण

तिरपा_कट, अवांतर आवडलं. डेनिमचं पण सांगा ना कुणीतरी.

---

उभाआडवा

चौरस यार्डाला एक औंस म्हणजे ३३.९ जीएसएम. मनात करायचं तर ३४ ने गुणा. १२ औंसाचं डेनिम ४०७, १४ औंसाचं ४७५. शर्टाला ५ ते ६ औंसाचं हलकं डेनिम मिळतं.

डेनिममध्ये एक विचारून घ्या, कापड आधी आटवलेलं आहे का. सॅनफोर्ड क्लूएट यांनी १९३० साली कापड धुण्याआधीच दाबून आटवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, तिला सॅनफोरायझिंग म्हणतात. ती केलेली नसेल तर डेनिम पहिल्या पाण्यात भरपूर आटतं आणि त्याच प्रमाणात वजन चढतं.

लोकरीच्या सुटिंगमध्ये दोन फसव्या जागा आहेत. तिथे ३०० ग्रॅम लिहिलेलं बरेचदा धावत्या मीटरचं असतं. पन्हा दीड मीटर असेल तर ते २०० जीएसएमच झालं. आणि सुपर १००, सुपर १२० हे आकडे वजनाचे नाहीत, तंतूच्या बारकाईचे आहेत. सुपर १०० म्हणजे लोकरीचा तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, सुपर १२० म्हणजे १७.७५ किंवा त्याहून बारीक. मोठा आकडा बघून 'जाड असेल' असं समजून हिवाळी कोटाला घेतलेलं कापड अगदी तलम निघालेलं पाहिलंय.

---

चुणीदार

इतकं वाचल्यावर मीही ए-४ कापून बघितलं, आकड्यांबद्दल पूर्वी म्हणालो त्यात थोडी दुरुस्ती करतो. पण उबेच्या बाबतीत वजन उपयोगाचं नाही हे माझं म्हणणं कायम आहे. २०० ची फ्लीस आणि २०० ची ट्विल शेजारी ठेवा. ट्विल अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, फ्लीस काही मिलिमीटर फुगलेली. ऊब देते ती आत अडकलेली हवा. आणि गरमीत १७० चं लिनन घालून मी दुपारभर उन्हात फिरतो, पण ११० चं घट्ट विणीचं पॉलिएस्टर तासाभरात पाठीला चिकटतं. गरमी म्हटलं की लोक आधी हलकं कापड शोधतात. आधी तंतू बघा, मग वीण किती मोकळी ते बघा, वजन त्यानंतर.

---

झबलं

चुणीदार, यात मी तुमच्या बाजूला आहे. फक्त वारा असेल तर ती मोकळ्या विणीची फ्लीस काही कामाची नाही, तिच्यावर घट्ट विणीचं काहीतरी हवं.

---

गाठीगोठी

मी टी-शर्ट शिवते, म्हणून विणलेल्या होजिअरीचं सांगते. तागा ताणून गुंडाळलेला असतो. कापड आलं की आधी मोकळं पसरून एक दिवस पडू द्यावं, मग ते आपोआप आखडतं आणि वजन वाढतं. आल्या आल्या मोजलेलं १६५ दुसऱ्या दिवशी १७५ झालेलं मी स्वतः पाहिलंय. आणि आल्या आल्या बेतलं, तर तेच आखडणं अंगावर होतं.

पांढऱ्या टी-शर्टला १८० च्या खाली जाऊ नका. आरपार दिसतंय का ते बघायला हात घालून बघू नका, त्वचेचा रंग फसवतो. कागदावर जाड काळी रेघ मारा आणि कापड वर ठेवा. रेघ स्पष्ट दिसली तर आतल्या बनियनची कडही दिसणार.

---

उभाआडवा

गाठीगोठी, रेघेची युक्ती मस्त. पण १८० ची अट जरा सैल करतो. बारीक सुताची घट्ट इंटरलॉक (दुहेरी विणीची होजिअरी) १६० लाही झाकते, आणि विरळ जर्सी १९० लाही दाखवते. रेघच खरी.

---

गाठीगोठी

बरोबर आहे. माझा आकडा साध्या जर्सीचा होता.

---

तिरपा_कट

घेराच्या कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही. मीटरचं वजन वेगळं आणि कमरेवर लटकणारं वजन वेगळं. पूर्ण गोल घेराचा गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट साधारण दोन चौरस मीटर कापड खातो. १२० च्या कापडात तो पाव किलो, ३०० च्या कापडात सहाशे ग्रॅम. तेवढं सगळं नेफ्यानं पेलायचं. शिवाय गोल घेरात काही भाग तिरपा येतो, तो स्वतःच्याच वजनानं ओघळतो. म्हणून शिवल्यावर एक रात्र टांगून ठेवते आणि मगच खालची कड कापून दुमडते. एकदा घाई केली होती, दोन कडांना तीन बोटांचा फरक पडला.

---

पाऊलवाट

सुईचंही वजनाशी नातं असतं का? माझ्या मशिनचे टाके मलमलीवर गोळा होतात.

---

झबलं

असतं तर. मलमल, रेशमाला ६० किंवा ७० नंबरची सुई. पॉपलिन, लिननला ८०. ट्विलच्या पँटला ९०, डेनिमला १०० किंवा ११०. तुझ्या मशिनला बहुतेक ९० ची लावलेली असेल. ती बदल, टाका थोडा लहान कर, आणि सुरुवातीला दोऱ्याची दोन्ही टोकं मागे धरून ठेव. आणि शिवण जिथे चार पदरी होते तिथे चार पदरांचं वजन धरून चाल. २५० ची ट्विल चार पदरी म्हणजे सुईखाली हजार!

---

वळचण

मंडळी, निळी_सुईच्या शर्ट-पँटचं काय ठरलं? मूळ प्रश्न तिथेच राहिला.

---

झबलं

मी सांगते. शर्टाला लिनन, १३० ते १५०. सुतीच हवं असेल तर ११० च्या आसपास, मोकळ्या विणीचं. पँटला सुती ट्विल, २५० ते २७०. चुण्या धरायला तेवढा जीव लागतो. दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणून परत येणारा धागा, असेल तर गुडघा परत येतो. आणि खिशांच्या पिशव्या, नेफ्याची आतली बाजू त्याच ट्विलची करू नकोस. १०० चं पॉपलिन घे, नाहीतर पोटापाशी गठ्ठा होतो.

---

चुणीदार

झबलं यांना पूर्ण अनुमोदन. आणि आधी तुकडा मागवा!

---

निळी_सुई

तुकडा मागवला, मूठ लावली, मग कापड मागवलं. ते आलं परवा.

अडीच मीटर, पन्हा दीड मीटर, लिहिलेले २६०. ए-४ कापायचं जिवावर आलं, म्हणून सगळं कापडच घडी करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. ९८२ ग्रॅम. भागिले पावणेचार चौरस मीटर, २६२. एखादा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी आता काही बिघडत नाही, हे या धाग्यामुळे सुचलं. मग रात्रभर भिजवलं, धुतलं, वाळवलं. लांबी २४२ सेंमी, पन्हा १४६, वजन ९७०. म्हणजे १२ ग्रॅम काहीतरी पाण्यात गेलं आणि कापड २७५ वर आलं. बेतायला सात-आठ सेंमी कमी मिळाले, पण ते आता कळलं, शिवल्यावर नाही.

आधी मांजरपाटाची नमुना-पँट करून बघितली, मग खरी कापली. ९० ची सुई, खिसे पॉपलिनचे. समोरच्या चुण्या इस्त्री न करता जागेवर पडतात. टेबलाच्या कडेवर वीतभर आडवं राहणारं कापड मला तेव्हा हट्टी वाटलं होतं, चुणीसाठी तेच हवं होतं. दोन दिवस घालून बसले-उठले. गुडघे सपाट आहेत.

एक विचारायचं राहिलं. ती व्हिस्कोसची पँट उसवून तिचा गळ्याशी निऱ्या असलेला टॉप करायचा विचार आहे. जमेल?

---

झबलं

जमेल की! निऱ्यांना त्याच्यासारखं पडणारं कापड नाही. उसवलेले तुकडे पाण्यात बुडवून, न पिळता आडवे वाळव, मग हलकी इस्त्री. गुडघ्याचा भाग तरीही थोडा फुगलेला राहील, तो बाहीत घेऊ नकोस. निऱ्यांच्या चुणीत जिरव, दिसणार नाही.